भाईसानची बायको

भाईसानच्या बायकोला मी कधी पाहिलं नाही, तरी तिच्याबद्दल मला माझ्या सख्ख्या जावेपेक्षा जास्त माहिती होती. तिला काट्यांचा मासा खाता येत नाही. झोपताना तिला दिवा चालू लागतो. ती चहा गार होईपर्यंत गप्पा मारते आणि मग चहा गार झाला म्हणून कुरकुरते. ती गायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि तिला वाटतं त्यांना थंडी वाजत असेल. तिचं नाव युकिको.

ही सगळी खबरबात भाईसान ऑफिसच्या पॅन्ट्रीत बसून, फोनवरून ढाक्याला आपल्या आईला पुरवत. मी शेजारी डबा खात असे. बांगला मला येत नाही, पण रोज कानावर पडलं की निम्मं समजतं, आणि उरलेलं निम्मं ते फोन ठेवल्यावर स्वतःच सांगत.

भाईसान हे काही त्यांचं नाव नव्हतं. आमच्या टीममध्ये आम्ही बरेच जण पुण्या-मुंबईचे. हे एकटेच बांगलादेशी, वयानेही मोठे, म्हणून कुणीतरी भाई म्हणायला लागलं. जपानी मॅनेजरला वाटलं हेच आडनाव, त्यांनी त्याला आदराचं ‘सान’ जोडलं आणि ते कायमचं चिकटलं. ते मला ‘दीदी’ म्हणत, मी त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान असूनही. आम्ही दोघं जपानमधल्या ग्योतोकु या उपनगरात राहायचो, एकाच गाडीने ऑफिसला, कायाबाचोला जायचो. बोलायचो ते हिंदी, इंग्रजी आणि जपानीची खिचडी करून.

माणूस सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, आणि सप्टेंबर उजाडला की गळ्यात लोकरीचा मफलर. आम्ही अजून घामाने निथळत असायचो. कुणी हसलं तर म्हणत, “तुम्ही थंडीशी भांडता. मी तिला आधीच नमस्कार करून ठेवतो.” टेस्टर म्हणून ते भयंकर होते. आम्ही लिहिलेला प्रोग्राम त्यांच्या टेबलावर गेला की आम्ही संध्याकाळचे बेत रद्द करायचो. “चालतंय ते काय तपासायचं? मोडेल कुठे ते बघायचं,” हे त्यांचं वाक्य. ते घरालाही लागू होतं. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी बाल्कनीच्या दाराची कडी तपासली.

त्यांच्या दोन गोष्टींचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. एक म्हणजे ते फोटोत येत नसत. पार्टी असो, कुणाचा निरोप समारंभ असो, कॅमेरा निघाला की हेच पुढे होऊन म्हणत, “द्या, मी काढतो.” त्या काळातल्या आमच्या कुठल्याही फोटोत भाईसान नाहीत. आणि दुसरी, ते स्वतःच्या देशाच्या माणसांना टाळत. शुक्रवारची नमाज कधी चुकवली नाही, पण मशिदीत उभे राहात ते शेवटच्या ओळीत, दाराजवळ. नमाज संपली की कुणी ‘गाव कुठलं, घर कुठलं’ विचारायच्या आत बूट घालून बाहेर. एकदा मी म्हटलं, “तुम्हाला बांगलात गप्पा मारायला आवडत नाही का?”

“फार आवडतं,” ते म्हणाले. “म्हणून तर तुमच्यात बसतो.”

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

दिवाळी आली तशी मी म्हटलं, “या वर्षी युकिकोसानना घेऊन फराळाला या. मला त्यांना बघायचंच आहे.” त्यांनी चमचा डब्यात ठेवला.

“दीदी, ती यायची नाही.”

“का? लाजतात?”

“ती नाहीच आहे.”

“बाहेरगावी गेल्यात?”

“नाही. नाहीच आहे ती. कधीच नव्हती.”

मग त्यांनी सांगितलं. आई दर आठवड्याला मुलींचे फोटो पाठवायची. एक नाकारली की दुसरी. एक दिवस त्यांच्या तोंडून निघून गेलं, माझं इथे लग्न झालंय. निकाह केलाय, मशिदीत, ती मुसलमान झालीय. आई आठवडाभर रडली, बोलली नाही. मग फोन करून विचारलं, “भात खाते का?” एकदा सून भात खाते म्हटल्यावर तिला उंची लागली, सवयी लागल्या, आजारपणं लागली. आता तर आईने साडी घेतली होती आणि तिला ब्लाउजचं माप हवं होतं. भाईसाननी ते दिलंही होतं.

“एवढे रुंद खांदे?” आईने विचारलं होतं.

“पोहते ती,” भाईसान म्हणाले होते.

मला हसू आवरेना. तेही हसले. लग्न टाळणारे पुरुष मी पाहिले होते, पण त्यासाठी एवढा संसार उभा करणारा पहिलाच. मी म्हटलं, “मग आईला सरळ सांगा ना, नाही करायचं लग्न.” त्यांनी डबा बंद केला आणि बाहेरच्या हवेबद्दल बोलायला लागले. अवघड विषय आला की ते हवेवर जात.

त्याच्या पुढच्या सप्टेंबरमधली गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते. दुपारी चहाच्या वेळी भाईसाननी पॅन्ट्रीत रसगुल्ल्याचे डबे फोडले, कागदी कपांत एकेक घालून आम्हा सगळ्या भारतीयांना वाटायला लागले. “अभिनंदन, अभिनंदन,” प्रत्येकाला म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघतोय. कुणी म्हणालं, क्रिकेटचं काही आहे का? कुणी म्हणालं, भाईसान, गणपतीचा प्रसाद ॲडव्हान्समध्ये का?

“खा,” ते म्हणाले. “तुमच्या देशात आज चांगलं झालंय.”

काय झालंय ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. परतताना गाडीत मी फोनवर बातम्या उघडल्या. सुप्रीम कोर्टाने तीनशे सत्त्याहत्तर कलमातला तो भाग रद्द केला होता. दोन सज्ञान पुरुषांनी, दोन बायकांनी आपापल्या मर्जीने एकत्र असणं आता गुन्हा राहिला नव्हता. मी मान वर केली. भाईसान समोरच उभे होते, दांडीला धरून. माझ्या फोनकडे बघत होते.

ग्योतोकुला उतरून आम्ही चालत घरी निघालो, तेव्हा ते बोलले.

“आमच्याकडेही तेच कलम आहे. तोच आकडा, तेच इंग्रजी. एकाच साहेबाने एकाच टेबलावर लिहिलेलं. पुढे दोनदा देश फुटला. जमीन वाटली, नद्या वाटल्या. ते कलम मात्र तिघांनाही अख्खं मिळालं. आज तुमचं गेलं.”

“तुमचंही जाईल,” मी म्हटलं. अशा वेळी माणूस म्हणतो तसं.

“आमच्याकडे आता ते साहेबाचं राहिलं नाही, दीदी. आमच्या मौलानांनी दत्तक घेतलंय. त्याला हात लावला तर म्हणतात धर्माला हात लावला.” थोडं चालल्यावर म्हणाले, “जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण खरं सांगू, त्याखाली खटले फारसे होतच नाहीत. शाळेत भिंतीवर छडी टांगलेली असते ना, तसं. मास्तरांना ती खाली काढायची वेळच येत नाही. तृतीयपंथीयांना आमच्या सरकारने कागदावर तरी जागा दिलीय. माझ्यासारखा शर्टपँट घालून ऑफिसला जाणारा, त्याला कुठे बसवायचं ते कुणाला माहीत नाही.”

मी काय बोलले ते आठवत नाही. “बरं झालं सांगितलंत,” असंच काहीसं असावं. त्यांनी हवेचा विषय काढला. त्यानंतर मी त्यांना लग्नाबद्दल कधी छेडलं नाही, पण पॅन्ट्रीतली युकिको चालूच राहिली. तिचा खोकला, तिचं गाणं, तिचे काटे. एवढं बारीक बारीक यांना सुचतं कसं, याचं मला कौतुक वाटायचं.

वर्ष उलटलं. ऑगस्टमधली सकाळ, ग्योतोकुचा प्लॅटफॉर्म. आमच्या स्टेशनवर जलद गाडी थांबत नाही, धडधडत निघून जाते. तशी एक गेली आणि आवाज ओसरल्यावर भाईसान म्हणाले,

“युकिको गेली.”

मला वाटलं, शेवटी त्यांनी त्या खोट्यावर पडदा टाकला. मी विचारलं, “आईला काय सांगितलंत?”

“ताप आला. डासांचा. प्लेटलेट उतरत गेल्या.”

“डेंग्यू? जपानमध्ये?”

“आईनेही हेच विचारलं.”

“अहो, तुम्ही टेस्टर ना? दुसरं काहीतरी सांगायचं.”

“दुसरं सुचलं नाही, दीदी,” ते म्हणाले. “तो डेंग्यूनेच गेला.”

आमची गाडी आली, गेली. त्यानंतरचीही गेली. ते बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी बसले.

त्याचं नाव तुषार. आपण तुषार म्हणजे पाण्याचे शिंतोडे समजतो, बांगलात तुषार म्हणजे हिम. जपानीत हिमाला ‘युकी’ म्हणतात. बरिसालकडचा, नदीकाठचा पोरगा आणि माशाचा काटा काढता येत नव्हता. झोपताना दिवा लागायचा. गायचा भयाण. खांदे रुंद होते. ढाक्याला कॉलेजात दोघांची ओळख झाली, मग नोकरीच्या वर्षांत तो भाईसानच्याच घरी जेवायचा, दोस्त म्हणून. भाईसान शिकायला इकडे जपानात, सेंदाईला आले तेव्हाच ठरलं होतं, आधी एकाने जायचं, मग दुसऱ्याने. तुषारला सेंदाईच्याच एका भाषाशाळेत प्रवेशही मिळाला. निघायच्या आधी मित्रांनी एका घरी जेवण ठेवलं. तिथे पोलीस आले. कलम लावायचीही गरज पडली नाही, नशेच्या गोळ्या सापडल्या असं लिहिलं की भागतं. पण सगळ्यांचे फोन गेले, आणि तुषारच्या फोनमध्ये भाईसान होते. फोटोंत, मेसेजांत, सगळीकडे.

तुषारच्या भावांनी त्याला सोडवून गावी नेलं आणि महिन्याभरात लग्न लावून दिलं. भाईसानच्या मोठ्या भावाच्याही कानावर सगळं गेलं. त्याचा निरोप आला, या देशात पाय ठेवलास तर पोलिसांच्या आधी मी आहे. तेव्हापासून ते घरी गेले नव्हते. आईला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र दोघा भावांनी न बोलता पाळलं.

“तुषारसाठी रडायला तिकडे माणसं आहेत,” भाईसान म्हणाले. “त्याची बायको आहे, तिचा काय दोष. भाऊ आहेत. पण माझ्या बाजूचं कोण? मला कुणीतरी हवं होतं, ज्याला सांगता येईल की माझं माणूस गेलं, आणि ते ऐकून रडेल. आई चांगली रडते, दीदी.”

आई खरंच रडली. तिने न पाहिलेल्या सुनेसाठी कुराण वाचून घेतलं, मदरशातल्या मुलांना जेवू घातलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा फोटो पाठवला, त्यात पंगतीतल्या मुलांच्या पानांवर गरम भाताची वाफ दिसत होती. भाईसाननी ऑफिसात एक दिवसाचीही रजा घेतली नाही. कारण काय सांगणार होते?

मग साथ आली, घरं बंद झाली, उघडली. पॅन्ट्रीतले फोन आता छोटे झाले होते, औषधं आणि भाव एवढ्यावर संपायचे. आश्चर्य म्हणजे आई दुसऱ्या लग्नाचं नाव काढत नव्हती. आणि एका नोव्हेंबरात ती स्वतःच आली. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टर नको म्हणत होते, तरी आली. सुनेच्या कबरीवर जायचंय म्हणाली. भाईसाननी सांगितलं, तिच्या माहेरच्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे दहन केलं, अस्थी त्यांच्याकडे आहेत, उत्तरेला. आईने फक्त “बरं” म्हटलं.

रविवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. भाईसाननी येताना कोनोशिरो नावाचे मासे आणले होते. इलिशची, म्हणजे आपल्या पाला माशाची, गरीब चुलतबहीण असं ते त्याला म्हणत. ते माझ्या नवऱ्याबरोबर आणि लेकीबरोबर खाली बागेत गेले आणि आई माझ्या ओट्याशी मासे साफ करायला उभी राहिली. बुटकी, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या सुती साडीतली बाई. हिंदी बोलायची, टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेली, त्यामुळे साधं मीठ मागतानाही शब्द भारदस्त यायचे.

“बेटी,” ती म्हणाली, “माझ्या मुलाला बायको नव्हती. मला माहीत आहे.”

मी गॅस बारीक केला.

“आधी मी खरं मानलं. दोन वर्षं लोणची पाठवली तिच्यासाठी. मग हा म्हणाला ताप. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत कळलं, तुषार गेला. माझ्या हातचं जेवलेला पोरगा. मरणं दोन आणि ताप एकच.” तिने माशाचं पोट फाडलं, आतलं काढलं. “पोलिसांचं, मोठ्याच्या धमकीचं अर्धवट कानावर होतंच. एवढं आईला कळतं.”

“मग तुम्ही ते कुराण, ते जेवण…”

“ज्याच्यासाठी करायचं त्याच्यासाठीच केलं. नाव मोठ्याने घेतलं नाही एवढंच.”

 मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो मागे घेतला. माशाचा होता म्हणून नव्हे.

“तू समजतेस तसं नाही,” ती म्हणाली. “हे पाप आहे. मी तसंच मानते, मरेपर्यंत मानेन. रोज त्याच्यासाठी माफी मागते. पण ते त्याच्यात आणि अल्लाहमध्ये आहे. पोलिसांचा त्यात काय संबंध? माझ्या मोठ्याचा काय संबंध?” तिने नळ सोडला, मासे धुतले. “त्याला एक निरोप दे. घरी येऊ नकोस म्हणावं. मी आजारी आहे असं कळलं तरी. मी मेले असं कळलं तरी. मोठा माझं नाव घेऊन त्याला बोलावेल. मी त्याला ओळखते, तोही माझाच आहे.”

“हे तुम्ही सांगा ना त्यांना.”

“मी सांगितलं तर मला सगळं माहीत आहे हे त्याला कळेल. मग तो माझ्या नजरेला नजर देणार नाही. आणखी थोडे दिवस आहेत माझे इथे. मला त्याच्याकडे नीट बघून घेऊ दे. मी गेल्यावर सांग.”

जेवताना तिने माझ्या लेकीला काटे काढून मासा भरवला. लेक ‘ओइशी, ओइशी’, म्हणजे छान, छान, करत होती आणि ती ‘कितना मीठा बोलती है’ म्हणत होती. भाईसान त्या दिवशी फार बोलले, हवेवर नव्हे, भलत्याच कशाकशावर. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं. आई घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली होती.

तिचं विमान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निरोप दिला. सगळा, तिच्या शब्दांत, पाप धरून. भाईसान स्टेशनच्या जिन्यात थांबले. माणसं दोन्ही बाजूंनी चढत-उतरत होती.

“म्हणजे ते कुराण तिने त्याच्यासाठी वाचलं,” ते म्हणाले. “माहीत असून.”

“हो.”

त्यांनी मफलर सोडवला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा सोडवला. मग तो तोंडावर दाबून ते तिथेच भिंतीकडे वळून उभे राहिले. मी त्यांची बॅग धरून उभी होते.

पुढे तिकडे सरकार उलथलं. पोरं रस्त्यावर आली, भिंती रंगल्या, आम्ही सगळे फोनवर बघत होतो. मी उत्साहाने म्हटलं, “आता काहीतरी बदलेल.” भाईसान म्हणाले, “सरकार गेलंय, दीदी. कलम आहे तिथेच आहे.”

आई गेल्या जानेवारीत गेली. मोठ्या भावाचा फोन आला, किती वर्षांनी. आवाज गोड होता. म्हणाला, ये, आईला माती द्यायला ये, झालं गेलं आपण विसरून जाऊ, तुझ्यासाठी थांबतो. भाईसान ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. हातातल्या फोनवर विमानाचं तिकीट उघडलेलं होतं.

“दीदी,” ते म्हणाले, “तिने नक्की असंच सांगितलं होतं ना? मेले तरी?”

कदाचित भाऊ खरंच बदलला असेल. कदाचित आईचा अंदाज चुकलाही असेल. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

“हो,” मी म्हटलं. “मेले तरी.”

त्यांनी फोन बंद केला. दफन त्यांनी पुतण्याच्या फोनवरून पाहिलं. थोडाच वेळ. मग पलीकडून कुणीतरी ओरडलं आणि चित्र गेलं.

या वेळी त्यांनी रजा घेतली. मॅनेजरने हळूच विचारलं, कोण? भाईसान म्हणाले, आई. मॅनेजर खाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग इतर जपानी सहकारी एकेक करून आले. भाईसाननी प्रत्येकाला सांगितलं. स्टेशनजवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, जिथे ते रोज सकाळी कॉफी घेतात, तिथल्या मुलीलाही सांगितलं. मशिदीतही गेले आणि पहिल्यांदाच नमाज संपल्यावर थांबले. कुणी गाव विचारलं तर त्यांनी गावही सांगितलं.

आपल्याकडे ज्या घरचं माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे पिठलं-भात नेतात. मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, पाटासारखं एक बुटकं टेबल पुढे ओढलं, आणि मी वाढलं तसं ते जेवायला लागले. पिठलं त्यांनी पूर्वी कधी खाल्लं नव्हतं. काय आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

“किती सोपं असतं हे,” ते मधेच म्हणाले. “नाही का, दीदी? कुणी विचारलं कोण गेलं, तर सांगायचं, आई गेली. बस. आणि समोरचा माणूस लगेच गप्प होतो, डोकं खाली करतो.”

 ते जेवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी आणखी भात मागितला आणि मी वाढला.